श्रीरामपुरात चार क्वे टियाओ

"रोहनसाठी मुलगी बघायला जायचंय, गाडी तू चालव," असं ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. मुलगी बघणं हा प्रकार मला मुळातच सहन होत नाही. चार माणसं दुसऱ्या चार अनोळखी माणसांच्या सोफ्यावर अंग चोरून बसतात, पोहे चिवडतात आणि पाऊसपाण्याबद्दल बोलतात. पण ताई पुढे म्हणाली की मुलीचे वडील आपल्याला पेनांगचं चार क्वे टियाओ करून घालणार आहेत. मी लगेच हो म्हटलं. उत्सुकता वगैरे काही नव्हती, मला हसायला जायचं होतं. श्रीरामपूर म्हणजे ऊस, कापूस आणि मार्केट यार्ड. तिथे चार क्वे टियाओ होणार, आणि मी ते खाऊन इथे त्याची सालटी काढणार.

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना हा पदार्थ पाठ आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगते. मलेशियात पेनांग नावाचं बेट आहे, तिथे हातगाड्यांवर हे मिळतं. तांदळाच्या बोटभर रुंद, चपट्या, ओल्या नूडल्स लोखंडी कढईत भडक आचेवर परतायच्या. लसूण, वाटलेली मिरची, सोया सॉस, अंडं, मोड, कोळंबी. दोन-तीन मिनिटांचा खेळ. थायलंडच्या पॅड थाईचं हे चुलत भावंड, पण त्यात गोडवा कमी आणि धूर जास्त.

हे सगळं मला कुठून कळलं? रोहनकडून. रोहन माझ्या ताईचा मुलगा, एकतीस वर्षांचा, सहा वर्षं पेनांगला एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने या ब्लॉगसाठी तिथल्या गाड्यांवरच्या खाण्याबद्दल सहा लेख लिहिले. माझ्या कुठल्याही लेखापेक्षा ते जास्त वाचले गेले. मी स्वतः पेनांगला कधी गेलेले नाही. पण रोहनच्या लेखांच्या जोरावर मी गेली चार वर्षं महाराष्ट्रातल्या हॉटेलांच्या नूडल्सना झोडपत आले आहे. लोणावळ्यापासून कोल्हापूरपर्यंत एकही मालक सुटलेला नाही. "हे खोटं आहे" हे माझं आवडतं वाक्य. ते लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मुलीचं नाव सलोमी. वय तीस, श्रीरामपुरात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. चर्चमधल्या एका ओळखीतून स्थळ आलं होतं. तिने रोहनचे सहाही लेख वाचले होते आणि बायोडेटा बघण्याआधीच भेटायला तयार झाली होती, असं ताई चार-चारदा सांगत होती. वडील याकोबराव हे जहाजावर आचारी होते. एवढ्या माहितीवर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही तिघं पुण्याहून निघालो. मी गाडी चालवत होते, ताई शेजारी आणि रजेवर आलेला रोहन मागे.

रस्त्याचं सांगते, कारण तुम्ही विचारणारच. वाघोलीत पाऊण तास गेला. तिथे सकाळी सहाच्या आत पोचलात तर ठीक, नाहीतर घरून पुस्तक आणा. शिरूरनंतर रस्ता मोकळा होतो, सुप्याच्या एमआयडीसीपासून पुढे चांगला पळतो. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण चहाच्या टपरीवर विचारलंत तर अजून सगळे नगरच म्हणतात. नगरच्या पुढे मनमाड रस्त्याला लागलात की मात्र देवाचं नाव घ्या. तो रस्ता दुरुस्त होतोय असं मी कॉलेजात असल्यापासून ऐकते आहे. एक बाजू उकरलेली, दुसऱ्या बाजूने उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावून, मागचा दिवा नसलेले. ताई प्रत्येक खड्ड्याला "हळू" म्हणत होती, खड्ड्यात गेल्यानंतर.

राहुरीच्या अलीकडे जेवायला थांबलो. हॉटेल नवं, बाहेर प्लॅस्टिकचा जिराफ, मेन्यूकार्ड बारा पानी. शेवटच्या पानावर मला "पॅड थाई, व्हेज" दिसलं. अशी संधी मी सोडत नाही. आलं ते असं: गव्हाच्या गोल नूडल्स, वर टोमॅटो केचप, सिमला मिरची, पनीरचे चौकोनी तुकडे आणि शोभेला चेरी. तीनशे वीस रुपये. मी मॅनेजरला बोलावून दहा मिनिटं शिकवणी घेतली. तांदळाच्या नूडल्स म्हणजे काय, चिंचेचा कोळ कशाला, खऱ्या गाडीवर कढई किती तापते. तो बिचारा हात बांधून उभा होता. शेवटी म्हणाला की मॅडम, लग्नाची पार्टी येते, त्यांना रंग लाल लागतो. मी रोहनकडे वळून विचारलं, सांग रे यांना, तिकडे कसं असतं? रोहन पाण्याचा ग्लास फिरवत म्हणाला की जाऊ दे ना मावशी, बरंच जवळ जातं हे. मला तो त्याचा मोठेपणा वाटला. त्याने त्यातले दोन घास खाल्ले आणि ताकावर दिवस काढला, तेही मला त्याच्या चोखंदळपणाचं लक्षण वाटलं.

श्रीरामपूरला रेल्वेनेही येता येतं, पण तिकीट काढताना श्रीरामपूर शोधाल तर सापडणार नाही. गावाच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे. नवी मुंबईच्या बेलापूरला जाऊन बसलेल्या लोकांबद्दल मी ऐकलं आहे. आम्ही स्टेशनजवळच्या एका लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी सात ते आठ, आणि भिंतीवर स्वित्झर्लंडचा फोटो. श्रीरामपुरात लॉजवाल्याला स्वित्झर्लंड का लागतं, हा प्रश्न मी रात्रीपुरता सोडून दिला.

रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर आम्ही याकोबरावांच्या घरी गेलो. बैठं घर, पुढे मोठं अंगण, कडेला शेवग्याचं झाड. सलाम करून आत जाणार तोच त्यांच्या पत्नी सुलभाबाई म्हणाल्या की आत नाही, सगळं अंगणातच मांडलंय. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य लिहायला घेतलं होतं.

ते लिहून झालं नाही, कारण मला कढई दिसली. काळीकुट्ट लोखंडी कढई, खोल बुडाची, कोळशाच्या मोठ्या शेगडीवर. शेगडीच्या तोंडाशी एक जुना टेबल फॅन लावलेला. शेजारी स्टुलावर याकोबराव, साठी ओलांडलेला ठेंगणा माणूस, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. समोर पाटावर परातीत पांढऱ्याशुभ्र, तेल लावलेल्या, बोटभर रुंद पट्ट्या.

मी विचारलं की या नूडल्स कुठून मागवल्या. त्यांनी सुलभाबाईंकडे बोट केलं. उन्हाळ्यात आपल्याकडे तांदळाच्या फेण्या करतात, त्याचा वाफेचा स्टँड असतो ना, एकावर एक ताटल्यांचा, तो त्या दाखवत होत्या. तांदूळ भिजवून वाटायचे, पातळ पीठ ताटलीवर पसरायचं, वाफवायचं, सोलून काढायचं. फेण्या आपण मग उन्हात वाळवतो. यांनी वाळवल्या नाहीत, तेलाचा हात लावून घडी घातली आणि सुरीने कापल्या. बस. मी चार वर्षं या नूडल्स पुण्यात कुठे मिळतात म्हणून दुकानं पालथी घालत होते आणि त्या माझ्या आजोळी दर एप्रिलला छपरावर वाळत होत्या. याचा मला आनंद झाला असं म्हणणार नाही. राग आला.

याकोबराव बोलायला लागले ते थांबेनात. मुगाचे मोड त्यांनी ओल्या पोत्याखाली तीन दिवस दडपून लांब केले होते. झिंगे मुळा धरणाचे. तिकडे डुकराची चरबी घालतात, इथे सगळ्यांना चालत नाही म्हणून कोंबडीची. आणि मग पेनांग. पहिल्यांदा जहाज तिथे लागलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, समुद्र लागून आठवडाभर पोटात काही ठरत नव्हतं. बंदराजवळच्या गल्लीत एका बाईच्या गाडीवर त्यांनी हे खाल्लं. त्यानंतर जहाज जितक्यांदा तिथे लागलं तितक्यांदा ते तिच्या गाडीशी जाऊन उभे राहिले. बघून बघून शिकले. एकदा तिने कढई हातात दिली, तेव्हा यांनी दोन प्लेटचा माल एकदम टाकला आणि तिने उलथन्याने मनगटावर मारलं. एका वेळी एकच प्लेट, हा तिचा कायदा.

"हितं आल्यावर मी लई जनांना सांगून बगितलं," ते म्हणाले. "समदे म्हनत्यात, म्हंजी चायनीज. कोपऱ्यावरच्या गाडीवानी. मग सोडून दिलं सांगायचं. मागल्या साली सलोमीनं तुमचे लेख वाचून दावले. मी दोनदोनदा वाचाय लावले तिला."

हे ते रोहनकडे बघून बोलत होते. रोहन छान हसला. सलोमी घरातून ताटं आणत होती, तिनेही त्याच्याकडे बघितलं. उंच, चष्मा लावणारी, कमी बोलणारी मुलगी. ताईने माझ्या दंडाला चिमटा काढला. सगळं जुळल्यातच जमा होतं.

शेगडी लाल झाली, पंखा सुरू झाला, आणि त्यांनी पहिली प्लेट टाकली. चरबी, लसूण, झिंगे, मिरची, मग नूडल्स. असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता. पण मी गप्प बसले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मला माझी विद्वत्ता दाखवायची होती. मी म्हणाले की सगळं उत्तम आहे, पण नारळाचं दूध कुठे दिसत नाही.

त्यांचा हात थांबला. "नारळाचं दूध? ह्याच्यात?"

मी त्यांना रोहनच्या तिसऱ्या लेखातलं वाक्य म्हणून दाखवलं. शेवटी गाडीवाला नारळाच्या दुधाचा हबका मारतो आणि कढईतून धुराचा पडदा उठतो, असं ते वाक्य आहे. हजारो लोकांनी वाचलेलं. याकोबराव रोहनला म्हणाले की नारळाचं दूध तर रश्श्याच्या नूडल्सला घालतात, याला नाही, तुम्ही कुठल्या गाडीवर बघितलं? रोहन म्हणाला की हल्ली काही ठिकाणी घालतात.

"आसंल," याकोबराव म्हणाले. "आता बदललं आसंल. मला बी जाऊन लई वर्सं झाली."

त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. ते मला आजही सगळ्यात जास्त लागतं. बावीस वर्षांचे असल्यापासून शिकलेली गोष्ट त्या माणसाने एका वाक्यात बाजूला ठेवली, कारण पाहुणा तिथे राहतो आणि पाहुणा म्हणतो आहे.

दुसरी प्लेट रोहनची होती. नूडल्स कढईत टाकता टाकता त्यांनी त्याला सहज विचारलं, "तुमी हॅम घालून खाता का बिगर हॅमचं? हितं तर मिळत न्हाई, पर इचारतो आपलं."

"नाही काका," रोहन म्हणाला, "मी पोर्क खात नाही."

 नूडल्स करपायला लागल्या होत्या, आधी याकोबरावांनी त्या सांभाळल्या. एका बाजूला सारून अंडं फोडलं, मोड टाकले, लसणाची पात टाकली, दोनदा उलटसुलट केलं आणि ताटलीत काढलं. ताटली रोहनच्या हातात दिली. मग उलथनं कढईच्या काठावर ठेवून, आवाज जराही न चढवता म्हणाले, "हॅम म्हंजी शिंपली. तिथली मानसं शिंपलीला हॅम म्हनत्यात. गाडीवर गेलं की पयला सवाल त्योच असतो, हॅम घालू का नको. परतेकाला इचारत्यात."

 सलोमी ताटं हातात धरून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ताईला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली की अगंबाई, शिंपल्यांना हॅम म्हणतात होय, गंमतच आहे.

मग प्रार्थना झाली आणि आम्ही जेवलो. पदार्थाबद्दल लिहायचं तर मी आजवर ज्याला ज्याला चांगलं म्हटलंय ते सगळं परत घ्यावं लागेल. नूडल्स मऊ पण तुटत नव्हत्या, कडांना जळका खरपूसपणा, मिरची आधी लागते आणि गोडसर चव मागून येते. मी दोन प्लेट खाल्ल्या आणि त्या खाताना मला लाज वाटत होती. याकोबराव प्रत्येकाला गरम वाढत राहिले. पण पेनांगचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कालव्याला पाणी कधी सुटणार, यंदा थंडी लवकर गेली, असं बोलत राहिले. म्हणजे शेवटी पाऊसपाण्यावरच आलो.

जेवणानंतर मुलामुलीने जरा बोलावं म्हणून ताई, याकोबराव आणि सुलभाबाई आत गेले. मी शेवग्याखाली हात धूत होते. मला तिथून हलायला हवं होतं, मी हलले नाही. सलोमी रोहनसमोर खुर्ची घेऊन बसली आणि तिने सरळ विचारलं, "तुम्ही हे कधी खाल्लंय का?"

 "आज खाल्लं," रोहन म्हणाला.

तिने मान हलवली. मग तिच्या कामातलं सांगावं तसं तिने सांगितलं, "आमच्याकडे लोक मातीचा नमुना आणतात. काही जण कंटाळा करतात, शेतात जात नाहीत, घराजवळच्या बांधावरची माती पिशवीत भरतात. मशीन त्याचाही रिपोर्ट देतं. दिसायला चांगला रिपोर्ट असतो. पण तो कुणाच्याच शेताचा नसतो." ती पुढे म्हणाली, "तुम्हाला ते आवडत नसतं तर मला काही वाटलं नसतं. मलाही तिखट फार जमत नाही. पण मी तुमचे लेख वाचून तुम्हाला भेटायला तयार झाले होते."

ती उठून आत गेली. भांडण नाही, रडणं नाही. रोहन तसाच बसून राहिला.

निघताना याकोबराव गाडीपर्यंत आले. रोहनशी हात मिळवला, ताईला नमस्कार केला. माझ्या खिडकीशी वाकून ते म्हणाले, "लेख चांगले हुते, बाई. मला वाटलं, आता बोलाय कुनीतरी घावलं." एवढं बोलून ते शेगडी विझवायला परत गेले.

परतीला मनमाड रस्ता नको म्हणून मी टाकळीभानवरून नेवाशाचा रस्ता धरला. तुम्हीही तोच धरा. थोडा वळसा पडतो, पण कण्याचे मणके जागेवर राहतात. गाडीत ताई एकटी बोलत होती. मुलगी जरा फटकळ वाटली, शिकलेल्या मुलींना माज असतो, तरी घर चांगलं आहे. नेवाशात प्रवरेच्या अलीकडे एका रसवंतीवर थांबलो. ताईला ज्ञानेश्वरांचं मंदिर बघायचं होतं, तिला तिकडे सोडून मी रोहनला समोर बसवलं.

त्याने काही लपवलं नाही. पेनांगला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात गाडीवरचं खाऊन तो आजारी पडला, तीन दिवस दवाखान्यात होता. तेव्हापासून त्याने बाहेरचं खाल्लंच नाही. सहा वर्षं एका तमिळ मेसमध्ये सांबार-भात. रूममेट गाडीवरून पार्सल आणायचा, रोहन फोटो काढायचा, रूममेट खायचा. वर्णनं त्याने इंटरनेटवरून चारदोन ठिकाणची उचलून एकत्र केली होती, त्यात रश्श्याच्या नूडल्सचं दूध कोरड्यात सांडलं.

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लबाड हा त्यातला सौम्य शब्द. त्याने सगळं ऐकून घेतलं. रसाचा ग्लास संपवला, मग म्हणाला, "मावशी, तू दर महिन्याला फोन करून विचारायचीस, नवीन काय खाल्लं. मी एकदा म्हणालो होतो की मी मेसमध्ये जेवतो. तू म्हणालीस, मेसचं कोण वाचणार."

मी म्हणाले होते. मला ते आठवलं, आणि आणखीही एक आठवलं. तो धुराचा पडदा. नारळाचं दूध त्याचं होतं, पण धुराचा पडदा मी घातला होता. वाक्य फार साधं वाटलं म्हणून, संपादन करताना, पुण्यातल्या माझ्या टेबलाशी बसून. मी तसली कढई तोवर कधी डोळ्यांनी बघितलेली नव्हती, आणि त्या वाक्याच्या जोरावर मी आदल्या दिवशी एका माणसाला दहा मिनिटं हात बांधून उभं केलं होतं. केचप घालणाऱ्याने निदान कार्डावर पेनांगचं नाव लिहिलं नव्हतं.

ताई परत आली तेव्हा आम्ही दोघं गप्प होतो. तिला वाटलं उन्हाने.

गुरुवारी सुलभाबाईंचा फोन आला. सलोमीचा नकार होता. कारण त्यांनी सांगितलं नाही, मुलीची इच्छा नाही एवढंच म्हणाल्या. ताईने मात्र कारण शोधून काढलं आणि सगळ्या नातेवाईकांना कळवलं. शिंपलीवरून स्थळ मोडलं म्हणे. नूडल्सवरून. असली माणसं कुठे बघितली नाहीत. मी तिला म्हणाले की ताई, मी त्या मुलीच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. तिने फोन ठेवला. त्याला आता दोन महिने होत आले. माझी सख्खी बहीण माझ्याशी बोलत नाही, आणि पुण्यात आमची घरं दोन चौकांच्या अंतरावर आहेत.

रोहनचे सहा लेख मी ब्लॉगवरून काढले. कुठे गेले म्हणून विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे: ते खोटे होते, काही ठिकाणी माझ्यामुळे जास्त खोटे होते. त्यांच्या आधारावर मी ज्या ज्या हॉटेलांची टर उडवली तेही लेख काढले. त्यातली काही हॉटेलं वाईटच होती, पण ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. आणि कुणी हे वाचून श्रीरामपूरला चार क्वे टियाओ शोधायला जाणार असेल तर जाऊ नका. तिथल्या हॉटेलात ते मिळत नाही, आणि त्या घराचा पत्ता मी देणार नाही. त्या माणसाला आमच्यासारखे पाहुणे एकदा झाले तेवढे पुरे.

गेल्या आठवड्यात याकोबरावांचा फोन आला. मला आधी भीती वाटली. ते म्हणाले की तुमच्या पोराने पेनांगला परत जायच्या आधी मला फोन केला होता. माफी मागितली, आणि ती गाडी नेमकी कुठल्या गल्लीत होती ते विचारून घेतलं. परवा तो तिथे गेला. गाडी आहे. म्हातारी गेली, आता तिची लेक चालवते. त्याने तिला याकोबरावांचं नाव सांगितलं, तिला काही आठवलं नाही, पण मनगटावर मारायची आईची सवय आठवली आणि ती हसली. हे सांगताना याकोबराव स्वतः हसत होते. पंचवीस मिनिटं बोलले. सलोमीबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. तिचा नकार आहे तसाच आहे.

त्याच रात्री रोहनचा मला लांबलचक मेसेज आला. तो तिथे कसा गेला, रांगेत उभं राहून त्याला किती वेळा परत फिरावंसं वाटलं, तिने पहिला प्रश्न कोणता विचारला, त्याने काय उत्तर दिलं, किती खाल्लं, कसं लागलं, पोटाचं पुढे काय झालं. साधी वाक्यं, एकही विशेषण नाही. मी दोनदा वाचलं. त्याने आजवर लिहिलेल्यांत ते सगळ्यात चांगलं आहे, आणि मला लगेच सुचलं की कुठला परिच्छेद वर घ्यायचा आणि कुठे थोडा धूर लागेल.

शेवटच्या ओळीत त्याने लिहिलंय: मावशी, हे छापू नकोस.

मी छापलेलं नाही.